विहिरीत सोडलेली दोन घड्याळं

आता जे सांगणार आहे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चाकूर तालुक्यात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी सासू, आणि तिला ऐकू कमी यायचं. तरी सांगतो. कारण सुगतनं विचारलं, आणि मला कुणी काही विचारलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

धोंडप्पाच्या गिरणीच्या ओट्यावर मी ज्वारीचा डबा घेऊन बसलो होतो. दुपारची वेळ. आत गिरणी अशी घरघरत होती की धोंडप्पाच्या कानाशी बंदूक उडवली असती तरी त्यानं मान वर केली नसती. म्हणजे सांगायला वेळ चांगली होती. तेवढ्यात सुगत आला. हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे अहमदपूरच्या रोडनं पळतो. मोबाईल माझ्या नाकापुढं धरून त्यानं दोन घड्याळांचे फोटो दाखवले.

एक काळं, जाडजूड, चारी कोपऱ्यांना स्क्रू मारलेलं. चिखलात पडलं, पाण्यात बुडालं, दगडावर आपटलं तरी चालत राहणार, आणि एकदा चार्जिंग केलं की आठवडेच्या आठवडे बघायला नको. पण त्याच्यावर फोन येत नाही. दुसरं पातळ, चकचकीत, नवरीच्या आरशासारखं. फोन घेतं, मेसेज वाचतं, पडलात तर घरच्यांना कळवतं, पण रोज चार्जिंगला लावलं नाही तर मान टाकतं.

‘‘अप्पा, तुमच्याकडं दोन्ही होती म्हणतेत,’’ सुगत म्हणाला. ‘‘कुठलं घेऊ?’’

मी म्हणालो, बस.

तर माझा धंदा तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. विहिरीत पडलेल्या, अडकलेल्या, गाळात रुतलेल्या मोटारी काढायचा. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत अशी विहीर नाही जिच्यात मी उतरलो नाही, आणि काही विहिरी तर खणायच्या आधीच मी उतरून बघून आलो होतो. जोडीला दोन माणसं. दोरावर धोंडप्पा, तेव्हा त्यानं गिरणी टाकली नव्हती. आणि माझ्या बहिणीचा मुलगा वीरेश.

माझी लेक सुकन्या नांदेडला असते, विष्णुपुरीच्या बाजूला, कॉलेजच्या ऑफिसात कामाला. तिला माझा धंदा बिलकुल पसंत नाही. दर फोनला एकच विषय, अप्पा, आता विहिरीत उतरायचं वय राहिलं का. मी ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायचो आणि उतरायचो. शेवटी बेजार होऊन तिनं हीच दोन घड्याळं मागवली. दोन्ही घालून बघा, जे जमेल ते ठेवा, दुसरं मी परत करते. तिचं म्हणणं, तुम्ही ऐकणार नाहीत तर निदान तुमच्या हातात काहीतरी असू द्या.

मी एक डाव्या हातात घातलं, एक उजव्या. मुखेडच्या बाजारात एका बाईनं मला थांबवून भाव विचारला. दोन्ही घड्याळांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. मी शेतातून घरी आलो की एक म्हणायचं वा, लई चाललास. दुसरं म्हणायचं बसून राहिलास, ऊठ जरा. पण एका गोष्टीत दोन्ही सारखी. दोन्हींत ऑक्सिजन दाखवायची सोय. बटण दाबलं की खाली हिरवा-लाल उजेड लुकलुकायचा आणि आकडा यायचा.

तो आकडाच सगळ्याचं मूळ.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुखेडच्या अलीकडं किशन म्हणून एक जण, त्याची मोटार विहिरीत तुटून पडली. मोसंबीची झाडं माना टाकू लागलेली, गोठ्यात म्हशी हंबरत होत्या, म्हणून त्याचे फोनावर फोन. गेलो. विहीर नऊ परस खोल. म्हणजे हात वर केलेला माणूस, त्याच्या डोक्यावर तसाच दुसरा, असे नऊ. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा ती सात परस होती, पण त्यानंतर माझ्या आठवणीत ती आणखी खचली आहे.

विहिरीवर पत्रे टाकलेले. आदल्या साली एक वासरू पडलं होतं म्हणून किशननं झाकून टाकली होती. पत्रे ओढले आणि मी माझ्या सवयीनं एक दगड आत टाकला. कुठल्याही जुन्या विहिरीत दगड टाका, कपारीतून पारवे फडफडत बाहेर येतात. पत्र्याला बाजूनं हातभर फट होती, पारव्याला तेवढी पुरते. पण एकही पारवा उडाला नाही. दगड खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

मला तिथंच कसंतरी झालं. मानेवरचे केस उभे राहिले म्हणतात ना, माझ्या मानेवर केस नाहीत तरी राहिले.

झाकलेल्या विहिरीत खराब हवा साचते. तिला वास नाही, रंग नाही, धूर नाही, हीच तिची बदमाशी. माणूस उतरतो, चांगला बोलत उतरतो, आणि खाली गेला की दिव्यासारखा विझतो. म्हणून आमच्या धंद्यात आधी पेटता कंदील दोराला बांधून सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. माझ्या बापानं तसंच केलं, मी तसंच केलं. पण त्या दिवशी कंदील घरी खुंटीवर होता. रॉकेल मिळत नाही म्हणून तो कित्येक महिने कोरडाच लटकत होता.

मी वीरेशला म्हणालो, आज उतरायचं नाही. कुठून तरी दिवा आणू, मग बघू. पण पोरगं ऐकेना. तरुण रक्त. मला म्हणतो कसा, ‘‘मामा, कंदील कशाला? ह्याच्यात ऑक्सिजन दाखवतंय की.’’

सुगतनं कपाळावर हात मारला. म्हणाला, ‘‘अप्पा, ते रक्तातलं असतंय. हवेतलं न्हाई.’’

मी म्हणालो, ते तुला माहीत आहे, मला पण नंतर कळलं, पण त्याला त्या वेळी कोण सांगणार? तू तर पळत होतास. वीरेशनं माझ्या मनगटावरची दोन्ही घड्याळं उतरवली. आधी ते जाडजूड, स्क्रूवालं घेतलं, दोराला बांधलं, बटण दाबलं आणि खाली सोडलं. जरा वेळानं वर ओढलं. त्याच्यावर आकडा नव्हता. नुसत्या दोन आडव्या रेघा. वीरेश म्हणाला हे रानटी हाय, ह्याला काय कळतंय. मग चकचकीत घेतलं. ते विहिरीच्या कडेला आपटून फुटू नये म्हणून माझ्या ओल्या पंच्यात घट्ट गुंडाळलं, काच तेवढी उघडी ठेवली, आणि सोडलं. वर आलं तेव्हा त्याच्यावर अठ्ठ्याण्णव.

सुगत म्हणाला ही घड्याळं फसतात. ओलं, उबदार काहीही त्याला गुंडाळा, आकडा दाखवतंय. मी म्हणालो म्हणजे त्यानं माझ्या पंच्याची तब्येत तपासली. तो हसला. मी हसलो नाही. कारण पुढं काय झालं ते मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं.

अठ्ठ्याण्णव बघितलं आणि किशन म्हणाला, झालं की मग, उतरा. बघा, घड्याळं दोन होती. एक सांगत होतं मला माहीत नाही. दुसरं सांगत होतं बिनधास्त जा. माणूस कुणाचं ऐकतो? जे बोलतं त्याचं.

वीरेशनं दोन्ही घड्याळं स्वतःच्या हातात चढवली, कमरेला दोर बांधला, आणि कडेवर पाय टाकला.

आमच्यात एक रीत आहे. उतरणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं नाही. गाणं म्हण, शिव्या दे, बायकोची गाऱ्हाणी सांग, पण बोलत राहा. वरून दोर सोडणारा थोड्या थोड्या वेळानं म्हणणार ‘बोल’, खालून ‘हाव’ आला पाहिजे. हाव आला की दोर सोडायचा. नाही आला की ओढायचं. घड्याळं आत्ता आली, हे आधीपासून आहे.

धोंडप्पा म्हणाला बोल. खालून हाव. बोल. हाव. अर्ध्या विहिरीपर्यंत नीट चाललं होतं. मोटारीचा पाईप कुठं वाकलाय, कपारीत किती गाळ आहे, सगळं खालून सांगणं चालू होतं. मग एकदा धोंडप्पा म्हणाला बोल, आणि हाव यायला उशीर झाला. थोडासाच. एरवी लक्षातही आला नसता. धोंडप्पानं माझ्याकडं बघितलं. पुन्हा बोल. या वेळी जो हाव आला तो जड होता, झोपेतल्या माणसानं कूस बदलताना म्हणावा तसा.

धोंडप्पा ओरडला, ‘‘वर ओढू का?’’

खालून हसू आलं. शप्पथ, हसू. काहीतरी गंमत झाल्यासारखं, हळूहळू, आणि मग तेही थांबलं. आणि दोर एकदम सैल पडला.

सुगत, तुला सांगतो, खाली कसं असतं ते. आधी पाय जातात. म्हणजे असतात, पण आपले राहत नाहीत. वरती आभाळ ताटलीएवढं दिसतं, मग वाटीएवढं. त्या वाटीच्या कडेवर माणसांची डोकी दिसतात, तोंडं उघडतात, मिटतात, आपलंच नाव घेत आहेत हे कळतं, पण जीभ हलत नाही. भीती सुरुवातीला वाटत नाही, तीच लई वाईट गोष्ट. बरं वाटतं. वाटतं, जरा टेकावं. पाणी गुडघ्याएवढंच आहे, त्याच्यात बसलं तर काय बिघडलं? आणि बसताना, अगदी बसता बसता, डोक्याच्या मागं कुठंतरी एक बारीक आवाज म्हणतो की तू आता मरतोयस. आणि तेव्हा भीती येते. ती एवढी येते की तिला ओरडायला जागाच पुरत नाही.

सुगत माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, हे सगळं तुम्हाला कसं माहीत. मी म्हणालो वीरेशनं नंतर सांगितलं. आणि ज्वारीच्या डब्याचं झाकण उगाच काढून परत लावलं.

‘‘मग घड्याळ कुठलं ठेवलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘माणूस खाली हाय अजून,’’ मी म्हणालो, ‘‘आन तुला घड्याळाचं पडलंय.’’

दोर ओढला. आला नाही. मोटारीच्या पाईपाखाली कुठंतरी गुंतला होता. जास्त जोर लावला तर कमरेतून माणूस कापेल, नाही लावला तर तिथंच जाईल. किशन विहिरीभोवती नुसता चकरा मारत होता. त्याची आई उसासे टाकत म्हणत होती, बाहेरचं माणूस आमच्या दारात गेलं, आता आम्ही काय तोंड दाखवायचं. अजून गेलं नव्हतं, पण तिच्या डोळ्यांत ते गेलेलं होतं. आणि आम्ही वाकून बघितलं तर खाली अंधारात एक बारकासा उजेड. घड्याळाचा. तो उजेड पाण्यावर जरा हलत होता. मग हलायचा थांबला.

तेवढ्यात लिंबाच्या फांदीला अडकवलेल्या शर्टात फोन वाजला.

आम्ही सगळे जागच्या जागी. भर उन्हात, सामसूम शिवारात तो फोन असा वाजत होता की मला वाटलं हा फोन उचलायलाच नको. उचलला नाही तर काहीच झालेलं नसेल. किशननं उचलला. पलीकडं सुकन्या. त्या चकचकीत घड्याळानं पडल्याचं ओळखून तिला नांदेडला मेसेज धाडला होता. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, अप्पा पडले म्हणून आलंय, अप्पा कुठायत.

सुगत म्हणाला, पण अप्पा, पडला वीरेश, मग ती तुमचं का विचारते?

मी म्हणालो, येड्या, घड्याळ माझ्या नावावर होतं की.

आणि मग? मग किशनला काय बोलावं सुचेना. त्यानं फोन कानापासून काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. त्याच्यातून पोरीचा आवाज येत होता, चिमणीएवढा. अप्पा. अप्पा. खाली विहिरीच्या तळाला, पाण्यात, मनगटावर तेच नाव उजळलं होतं. सुकन्या. घड्याळ थरथरत होतं, हाताला गुदगुल्या होत होत्या, आणि ते नाव पाण्याखालून दिसत होतं, हिरवट पाण्यात, स्पष्ट. वाटत होतं बटण दाबावं. नुसतं बोट हलवायचं होतं. बोट हललं नाही.

दुसऱ्या मनगटावर अजून त्याच दोन रेघा.

बघ आता तूच. एक घड्याळ खरं बोललं, आणि गप्प बसलं. दुसरं सपशेल खोटं बोललं, त्याच्यापायीच माणूस विहिरीत गेला, आणि त्यानंच पोरीला हाक मारली. ह्यातलं कुठलं ठेवू आणि कुठलं परत करू? अजून मला नीट सांगता येत नाही. सुकन्यानं विचारलं तेव्हा मी दोन्ही तिच्या हातात ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो.

 सुगतनं मोबाईल खिशात घातला होता.

त्याचा चेहरा बघून मला वाटलं आता ह्याला वर काढलं पाहिजे, म्हणजे गोष्टीला. मी आवाज चढवला. सांगितलं की मग धोंडप्पानं लिंबाच्या फांद्या तोडल्या, त्यांचा भारा दोराला बांधला आणि विहिरीत वर-खाली, वर-खाली घुसळला, खराब हवा ढवळून निघावी म्हणून. किशनच्या आईनं हौदातलं पाणी बादल्यांनी वरून ओतलं, पाण्यासंगं चांगली हवा खाली जाते म्हणून. इथपर्यंत सगळं जसंच्या तसं. आणि मग, मी म्हणालो, मी छाती भरून श्वास घेतला. असा घेतला की लिंबाची पानं माझ्याकडं वळली. शेजारच्या शेतातल्या माणसाला दम लागला. धोतर खोचलं आणि दोर नाही, काही नाही, कपारीत बोटं रोवत सरसर खाली. तोंड बंद, नाक बंद. खाली वीरेश मोटारीला टेकून बसलेला, तोंड पांढरं, ओठ निळे. मी विळ्यानं पाईपाखालचा दोर मोकळा केला. पोराला उचललं, ते काय वजन, ज्वारीच्या पोत्यासारखं, पण मी त्याला खांद्यावर टाकलं आणि...

लाईट गेली.

गिरणीचा पट्टा फडफडत मंद झाला, दगड घरघरून थांबला, आणि एवढी शांतता पसरली की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची चेन ऐकू आली. धोंडप्पा दारात येऊन उभा राहिला. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो आणि बोलण्याच्या भरात होतो, त्यामुळं थांबता आलं नाही.

‘‘...आन वीरेशला खांद्यावर टाकून, एका दमात, नऊ परस वर आणला.’’

धोंडप्पानं हातावरचं पीठ झटकलं. मग सुगतकडं नाही, माझ्याकडं बघून बोलला. आवाज चढवला नाही.

‘‘वीरेश कधी उतरला रं खाली? वीरेश माझ्या मागं दोराला होता. कंदील आणू, मामा, तोवर उतरू नका, म्हणून तुझ्या पाया पडत होता, आन तू त्यालाच घड्याळातला आकडा दाखवलास. खाली तू होतास, रामलिंगा. घागर काढायचा गळ टाकून, धोतराला अडकवून, आमी दोघांनी तुला ओढून काढला.’’